शनी पायावर आलाय म्हणे

आमच्याकडे कोणाचं काही बिनसलं की लोक काय झालं ते विचारत नाहीत, रास विचारतात. नोकरी सुटो, लग्न मोडो, भागीदार पैसे घेऊन पळो, समोरची काकू चहाचा कप खाली ठेवते आणि म्हणते, "कुंभ ना गं तुझी? मंग बरोबर आहे, चालूच आहे." झालं. पुढचा अर्धा तास तुमच्याबद्दल कोणी बोलत नाही, शनीबद्दल बोलतात, तो कुठे होता, कुठे गेला, वक्री कधी होणार, कोणाच्या जावयाला त्याने काय दाखवलं. मी गेली काही वर्षं हे ऐकून राहिली आहे, कधी हसून, कधी दात खाऊन, आणि आता जरा निवांत झाल्यावर वाटलं की याबद्दल आपल्याला काय वाटतं ते एकदा लिहून टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत तो साधारण अडीच वर्षं मुक्काम करतो. आपण जन्मलो तेव्हा चंद्र ज्या राशीत होता ती आपली रास. शनी तिच्या आधीच्या राशीत आला की साडेसाती लागली, मग आपल्या राशीत, मग पुढच्या, अडीच त्रिक साडेसात. पहिली अडीच वर्षं डोक्यावर, मधली छातीवर, शेवटची पायावर असं बायका सांगतात. आता यातली एक गंमत माझा भाऊ प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि म्हणून त्याच्या शेजारी कोणी जेवायला बसत नाही. बारातल्या तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते. म्हणजे कोणत्याही दिवशी आमच्या नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर उभे राहा, समोरून येणारा दर चौथा माणूस साडेसातीतला. त्यात आपल्या राशीपासून चौथा आणि आठवा शनी, ज्याला इकडे हिंदीच्या नादाने सगळे ढैया म्हणतात, तो धरला तर बारातल्या पाच राशी झाल्या. एवढ्या लोकांचं काही ना काही बिनसलेलं असणारच ना, असं तो म्हणतो. बरोबर आहे त्याचं. पण रात्री दोन वाजता पंख्याकडे पाहत पडलेल्या माणसाला हा भागाकार सांगून झोप येत नाही हेही तेवढंच खरं.

तर माझी साडेसाती लागली २४ जानेवारी २०२० ला, शनी मकरेत गेला तेव्हा. आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन. आई म्हणाली, "पाहिलं?" मी म्हटलं अगं साऱ्या जगाची रास कुंभ आहे का. ती म्हणाली, "साऱ्या जगाचं मले नको सांगू." (आई चिडली की 'मला'चं 'मले' होतं, एरवी ती शुद्ध बोलते.) पण खरं म्हणजे ते दिवस मला वाईट गेलेच नाहीत. मी तेव्हा एका संस्थेत काम करत होते, नाव लिहीत नाही, लिहून काही साधणारही नाही. नागपूरच्या आसपासच्या गावांत लहान पोरांसाठी केंद्रं चालवणारी संस्था, आणि ती चालवणारे एक गृहस्थ ज्यांना सगळे दादा म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये आम्ही धान्याच्या किट घेऊन गावोगाव फिरलो, दादा स्वतः पोती उचलायचे, उन्हात, मे महिन्यात, नागपूरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ते पोती उचलणं खोटं नव्हतं हे मी आजही सांगते, आणि तीच तर पंचाईत आहे. माणूस पहिल्यापासून लबाड असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मग १७ जानेवारी २०२३ ला शनी कुंभेत, म्हणजे माझ्या छातीवर. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका केंद्रावरची ताई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "मॅडम, आमचं मानधन दिवाळीपासून नाही आलं. तुमचं येते का?" माझं येत होतं. मी ऑफिसात विचारलं तर म्हणाले डोनरचा हप्ता अडकलाय. डोनरला गेलेल्या रिपोर्टमध्ये मात्र मानधन अदा केल्याचं स्वच्छ लिहिलेलं, महिन्यामहिन्यानिशी. आणि त्याच आठवड्यात एका हॉलमध्ये दादांचं भाषण होतं, विषय श्रमाची प्रतिष्ठा. लोक उभं राहून टाळ्या वाजवून राहिले होते. भाषण चांगलं होतं हो, ते नेहमीच चांगलं बोलायचे, मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच की ही ताई आज इथे असती तर कुठल्या वाक्याला टाळी वाजवली असती.

पण दादांचं एवढं नाही लागलं. लागलं ते मैत्रिणीचं. जिच्यामुळे मी या संस्थेत आले, जिच्यासोबत मी हजार वेळा डबा खाल्ला, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. सगळीकडे असंच असते. तू एवढं मनाला काय लावून घेते?" म्हणजे ती हे माहीत असताना रोज माझ्यासमोर बसून जेवत होती.

मी राजीनामा दिला, त्यावर रीतसर निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, दादांचे चार गोड शब्द. घरी आले आणि मग सहा-आठ महिने काहीच धड नाही. भ्रमनिरासाचं एक कोणी सांगत नाही, की तो नुसता पुढचं बिघडवत नाही, मागेही जातो. ते उन्हातले दिवस, त्या किट, त्या गावातली पोरं, सगळ्यावर डाग. आपण खरंच काही केलं का, की आपण नुसते कोणाच्या तरी फोटोत उभे होतो, हे ठरवता येत नाही. मग कुठल्याही चांगल्या कामाचं बॅनर दिसलं की मी मनातल्या मनात हिशोब विचारायची, रक्तदान शिबिराचं असलं तरी. कोणी भलं बोललं की वाटायचं, हं, बोल बोल.

घरी मात्र निदान लगेच झालं. मधली अडीच वर्षं, छातीवर शनी, दुसरं काय. आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की त्याचा मला फायदा झाला. कारण मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आत्या आली, तिला आईने दारातच "तिला साडेसाती चालू आहे" एवढं सांगितलं, आत्याने पाठीवर हात फिरवला आणि सांबारवडी (कोथिंबिरीची) तळायला घेतली. जर मला डिप्रेशन आहे असं म्हटलं असतं तर आत्याने तिच्या नणंदेच्या मुलीची गोष्ट सुरू केली असती, आणि संस्थेत काय झालं ते सांगितलं असतं तर म्हणाली असती नोकरी कशाला सोडली बाप्पा. शनी म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. आणि दुसरं म्हणजे शनीला तारीख असते. बाकी दुःखाला कुठे तारीख असते? २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत जाणार, कुंभवाल्यांची छाती मोकळी होणार, हे कॅलेंडरवर छापलेलं होतं. मी मानत नाही मानत नाही म्हणत त्या तारखेची वाट पाहत होते, परीक्षेच्या रिझल्टची पाहतात तशी.

ती तारीख आली. शनिवार, त्यात अमावस्या, म्हणजे शनी अमावस्या, त्यात सूर्यग्रहण (भारतातून दिसणारं नव्हतं, तरी काकूने तुळशीपत्र टाकलंच पाण्यात), आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आई मला लोहापुलाजवळच्या शनी मंदिरात घेऊन गेली, तिथे अशी गर्दी की तेलाने चप्पल घसरून राहिली होती, काळे तीळ, उडीद, रुईच्या पानांच्या माळा. पाडव्याच्या सकाळी मी उठले, गुढी उभारली, कडुलिंबाची चटणी खाल्ली, आणि छातीवर जे होतं ते तिथेच होतं. एक इंच हललं नव्हतं. आता हा माझा दुसरा भ्रमनिरास म्हणायचा का, शनीनेसुद्धा शब्द पाळला नाही म्हणून? हसूच आलं जरा.

मग काकूच्या ओळखीने महाल भागातल्या एका ज्योतिषी काकाजींकडे गेलो. मला वाटलं होतं अंगठ्या, धूर, भिंतीवर फोटो, असं काही असेल. तर एका जुन्या वाड्यातली खोली, रिटायर्ड माणूस, स्वेटर घातलेला एप्रिलमध्ये, समोर लॅपटॉप. आईने दोन पत्रिका काढल्या. एक बाबांकडच्यांनी केलेली, तिच्यात मी कुंभ. एक माझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी केलेली, ते मूळचे पुण्याचे, एजी (महालेखापाल) ऑफिसच्या नोकरीसाठी नागपूरला आले आणि सोबत टिळक पंचांग घेऊन आले, तिच्यात मी मीन. घरात यावर जुनं भांडण आहे, बाबांकडचे जास्त होते म्हणून मी कुंभ झाले.

काकाजींनी जन्मवेळ टाकली आणि म्हणाले दोन्ही बरोबर आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं म्हणून इथे लिहिते. राशीचक्र गोल आहे, त्याला सुरुवात कुठून मानायची हा माणसाने ठरवायचा प्रश्न. चित्रा नक्षत्राचा तारा धरून, त्याच्या बरोबर समोरून सुरू करणारे एक, आणि रेवतीचा तारा धरणारे दुसरे, टिळक पंचांग त्या दुसऱ्यांतलं. दोघांत साधारण चार अंशांचा फरक पडतो. माझा चंद्र चित्रावाल्यांच्या हिशोबाने कुंभेच्या सत्ताविसाव्या अंशात, पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचं तिसरं चरण (म्हणजे पाव भाग). चार अंश मिळवा, मी मीनेत, चौथं चरण. शनी वर्षाला बाराएक अंश चालतो, त्यामुळे त्या चार अंशांत त्याचेही चार महिने इकडचे तिकडे होतात. देशभरात पंचांगांचा हा गोंधळ होता म्हणून १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि तिच्यात आपल्या नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते, हे सांगताना काकाजींची मान जरा ताठ झाली. त्या समितीने चित्रा पक्ष धरला, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. तरी सगळ्यांनी ऐकलं असं नाही. तमिळ लोकांचं शनीचं मोठं देऊळ आहे तिरुनल्लारला, तिथल्यांनी तर २०२५ च्या मार्चमध्ये जाहीरच केलं की आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे शनी अजून हललेलाच नाही, आमचा सोहळा २०२६ मध्ये. म्हणजे मी लोहापुलाजवळ तेलात घसरत होते तेव्हा तिथला शनी निवांत कुंभेतच बसला होता.

आई म्हणाली, "मग हिची साडेसाती संपत आली का मधली चालू आहे?" काकाजी म्हणाले, "कुंभ धरा, लवकर सुटाल." हे ते थट्टेत म्हणाले पण आईने ते मनावर घेतलं आहे.

नंतर त्यांनी मला विचारलं काय झालं. मी संस्थेचं सांगितलं, थोडक्यात. ते ऐकून घेत होते, मध्येच म्हणाले, "त्या बायकांचे पैसे मिळाले का?"

मी एकदम गप्प. कारण इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. आईने नाही, आत्याने नाही, मैत्रिणीने तर नाहीच. सगळे माझ्या शनीबद्दल बोलत होते. मी म्हटलं माहीत नाही, बहुतेक नाही. तर ते म्हणाले, "पाहा, आमच्या शास्त्रात शनी कोणाचा कारक आहे? राबणाऱ्यांचा. मजूर, नोकर, म्हातारी माणसं, हातावर पोट असलेली. त्यांचा पैसा अडला असंन तर शनी कोणाले लागला पाहिजे? तुम्हाले का त्याले?" मग दक्षिणा विचारली तर म्हणाले जे द्यायचं ते द्या, आणि उपाय विचारला तर म्हणाले चालत जा रोज, उन्ह उतरल्यावर.

मी घरी येताना रिक्षात हेच घोळवत होते. आई शनिवारी शनी महात्म्याची पोथी वाचते, लहानपणापासून ऐकली आहे, पण त्या दिवसानंतर ती मला वेगळीच ऐकू यायला लागली. उज्जैनीचा विक्रम राजा शनीला हसतो, साडेसाती लागते, घोडा त्याला परमुलखात नेऊन टाकतो, तिथे एका सावकाराच्या घरी तो पाहुणा असताना भिंतीवरच्या चित्रातला हंस खुंटीवरचा मोत्यांचा हार गिळतो. आळ विक्रमावर. तिथला राजा काही चौकशी न करता त्याचे हातपाय तोडायला लावतो, मग एक तेली त्याला आसरा देतो, तो घाण्यावर बसून गातो वगैरे. शेवटी साडेसाती संपते, हातपाय परत, चित्रातला हंस हार परत ओकतो, सगळे विक्रमाच्या पाया पडतात. सगळे. सावकारही आणि तो राजाही. आणि कोणी त्या राजाला विचारत नाही की बाबा, एका परक्या माणसाचे हातपाय तू पुरावा न पाहता तोडलेस ते कसं काय? विचारायची गरजच नाही, कारण ते शनीने केलं. मला ही गोष्ट खूप आवडते अजूनही, त्यातला तो तेली विशेष, पण तो राजा पोथी संपल्यावर ज्या आरामात घरी जातो ना, तो आराम मला आता सहन होत नाही.

माझंही तेच चाललं होतं. माझं दुःख शनीचं झालं की दादा सुटले. ते वाईट नाहीत, डोनर वाईट नाही, अकाउंट्सवाला वाईट नाही, काळच तसा होता. आणि मैत्रीणही सुटली. राग धरायला समोर माणूसच उरला नाही, मग तो राग जाणार कुठे, तो माझ्याच छातीवर बसून राहिला आणि घरच्यांनी त्यालाच शनी म्हटलं.

याच सुमारास पुण्याहून भाचीने एक रील पाठवलं. त्या पोट्टीला आपली रास माहीत नाही पण स्वतःचा पूर्ण चार्ट पाठ आहे, वेस्टर्नवाला. म्हणाली मावशी तुझं नेपच्यून ट्रान्झिट चालू आहे, नेपच्यून म्हणजे भ्रम, स्वप्नं, धुकं, आणि मग ते फाटणं. एकेचाळीस-बेचाळिसाव्या वर्षी नेपच्यून आपल्या जन्माच्या जागेपासून चौथाई चक्कर पूर्ण करतो आणि माणसाचे सगळे देव पडतात म्हणे. मी आहेच बेचाळीस. दोन मिनिटं अंगावर काटा आला, मग लक्षात आलं की नेपच्यूनला एका फेरीला १६५ वर्षं लागतात, त्याची चौथाई एकेचाळीस, म्हणजे हे ट्रान्झिट एकेचाळीस वर्षं जगलेल्या प्रत्येक माणसाला येणार, त्यासाठी ग्रह कशाला पाहिजे, आधार कार्डावरची जन्मतारीख पुरते. आणि हा नेपच्यून १८४६ मध्ये सापडलेला. ल व्हेरिएने कागदावर गणित केलं आणि बर्लिनला गालेने दुर्बिणीतून पाहिला. सापडल्यापासून त्याची पहिली फेरी पूर्ण झाली २०११ मध्ये. एवढ्यात त्याचा स्वभावही ठरला! आमच्या नवग्रहांत तर तो नाहीच, तरी मराठी पंचांगवाल्यांनी हर्षलच्या, म्हणजे युरेनसच्या, शेजारी त्यालाही खोली दिली आहे. आपल्याकडे आलेला पाहुणा परत जात नाही. आणि मग २०२६ च्या फेब्रुवारीत शनी आणि नेपच्यून एकत्र आले तेव्हा तर भाचीच्या स्टेटसवर आठवडाभर जग बुडत होतं.

भावाला हे सांगितलं तर त्याने अपेक्षेप्रमाणे नारळीकर काढले. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी आपल्या महाराष्ट्रातच चाचणी घेतली होती, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना द्यायच्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली, बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढीच आली असती. मला यात वाद घालायचाच नाही. पत्रिकेवरून काही ओळखता येत नाही हे मला पटतं. पण महालातल्या काकाजींनी पत्रिकेवरून काही ओळखलंही नव्हतं, त्यांनी फक्त बाजूला ठेवून दिलेला प्रश्न विचारला, आणि तो विचारायला त्यांना शनी लागला. भावाला विज्ञान येतं पण त्यानेही तो विचारला नव्हता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय विचारू, तू सांगितलंच नाही." तेही खरं.

त्याच भावाने मग हिवाळ्यात त्याच्या मित्राच्या गच्चीवर नेलं, दुर्बीण लावली होती. म्हणाला ज्याला एवढी घाबरते त्याला पाहून तर घे. २०२५ हे वर्ष गमतीचं होतं, शनीची कडी पृथ्वीवरून नेमकी काठाने दिसत होती, साधारण पंधरा वर्षांनी अशी येतात. त्यामुळे पुस्तकातल्या फोटोसारखं काही नाही, एक पिवळट ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ. मी बराच वेळ डोळा लावून होते. सव्वाशे कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे तो, त्याला ना डोनर माहीत ना दिवाळी. त्याच्यावर चिडता येईना. आणि त्याच्यावर चिडता येत नाही म्हटल्यावर कोणावर चिडायचं आहे हे फार सोपं झालं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. तिच्याकडे एक वही होती, कोणत्या महिन्यात किती पोरं, किती दिवस केंद्र, सगळं. बाकीच्या केंद्रावरच्या बायकांकडेही काही ना काही निघालं, कोणाकडे हजेरी, कोणाकडे व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो. आम्ही मिळून एक साधा अर्ज लिहिला, संस्थेला एक प्रत आणि डोनरला एक. लिहायला मला मजा आली हो. इतक्या दिवसांनी काहीतरी लिहिताना वाटलं की मागची वर्षं सगळीच वाया नव्हती, कारण त्या वहीत ती पोरं होती, त्यांची नावं होती, कोणाला कधी ताप आला तेही होतं. फोटोत आम्ही उभे असू नसू, ते केंद्र चालत होतं आणि ते या बायकांनी चालवलं.

मैत्रिणीचं मात्र सुटलेलं नाही. मध्ये आम्ही एका ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले, ती बोलत होती, मुलाचं ॲडमिशन, घराचा हप्ता, मी ऐकत होते. तिनेच विषय काढला, म्हणाली तुझी साडेसाती जाऊ दे मग बोलू. मी म्हटलं माझ्या साडेसातीचा याच्याशी काही संबंध नाही, तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाही, एवढंच आहे. ती पोह्यावरचा चिवडा बाजूला करत बसली. तर्री फार तिखट होती त्या दिवशी, दोघींच्याही डोळ्यांत पाणी, आता ते कशाचं ते ज्याने त्याने ठरवावं. परत भेटू की नाही माहीत नाही. भेटू बहुतेक.

कोणीतरी मला खुशखबर म्हणून सांगितलं की दादांची रास सिंह आहे, मीनेतला शनी त्यांना आठवा, आता बघ कसा भोगतो. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले जरा वेळ. मग वाटलं, थांबा, पैसे तर त्यांनी त्याच्या आधी थकवले होते, शनी सातवा असताना. आणि आता जर त्यांचं काही वाईट झालं तर त्यांनाही लोक पाठीवर हात फिरवून सांबारवडी खाऊ घालतील, म्हणतील आठवा शनी चालू आहे बिचाऱ्याला. नको. मला त्यांचा शनी नको, मला त्यांची सही पाहिजे.

आईला मी सांगितलं आहे की शनी जून २०२७ मध्ये मेषेत जाईल पण वक्री, म्हणजे उलटा, होऊन ऑक्टोबरमध्ये परत मीनेत येईल, आणि नीट जाईल तो फेब्रुवारी २०२८ मध्ये. ती तेव्हापासून विचारून राहिली आहे की मग पेढे कधी वाटायचे, पहिल्यांदा का दुसऱ्यांदा.

अर्जाचं म्हणाल तर बायकांना निम्म्याच्या आसपास पैसे मिळाले, सगळ्यांना एकदम, काही न बोलता खात्यात जमा. बाकीचे मागायला आता आम्ही ऑफिसात जाणार आहोत. आई म्हणते कधीही जा पण शनिवारी नको. ताई म्हणते शनिवारीच जाऊ, त्या दिवशी दादा जागेवर सापडतात.